खाडा पडला म्हणून पेरणी मोडू नये

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. वय 24, शिक्षण बी.एस्सी. तीन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत आहे आणि एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेत दोनदा थोडक्यात मागे राहिलो. घरी आठ एकर शेती आहे, त्यामुळे वडिलांना मदत करावीच लागते. रात्री मोबाईलवर प्रेरणादायी भाषणे ऐकली की अंगात बळ येते. मी पहाटे पाचचा गजर लावतो आणि नवे वेळापत्रक भिंतीवर चिकटवतो. चार-पाच दिवस बरे जातात. मग एखादा दिवस शेतातच जातो, अभ्यास चुकतो आणि सगळेच सुटते. माझ्यात चिकाटीच नाही, असे आता मला वाटू लागले आहे. धीर आणि उमेद टिकवायची कशी?

उत्तर : ‘अभ्यास चुकतो आणि सगळेच सुटते’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. चुकलेल्या दिवसाने तुमचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा एका दिवसापायी तुम्ही उरलेले वेळापत्रकही मोडीत काढता.

आपल्याकडे ‘खाडा’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. मजूर कामावर आला नाही की त्याचा खाडा लागतो, आणि कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, जिथे सरकी उगवली नाही तिथेही खाडा पडतो. लहानपणी टोबणीनंतर, म्हणजे हाताने बी लावल्यावर, आठ-दहा दिवसांनी आई आम्हा बहिणींना तासातासाने चालवीत असे. ओच्यात भिजवलेली सरकी, हातात खुरपे. दोन रोपांमधली जागा मोकळी दिसली की वाकायचे, बोटभर माती बाजूला करायची, दोन बिया टाकायच्या, माती ओढून पायाने हलके दाबायची आणि पुढे निघायचे. एकेका तासात पाच-सात खाडे सहज निघत. तेवढ्यासाठी शेतात पुन्हा वखर घालावा, असे कोणाच्या मनातही येत नसे. दुबार पेरणीची पाळी पावसाने दगा दिला तरच येते, आणि तिने घर किती खचते हे तुम्हाला मी सांगायला नको. अभ्यासात मात्र तुम्ही प्रत्येक खाड्यासाठी दुबार पेरणी करीत आला आहात. तीन वर्षे गेली ती यात. चिकाटी नसती तर तुम्ही तिसऱ्या वर्षी पुन्हा पुस्तक उघडलेच नसते.

भाषणांमध्ये हमखास सांगितले जाते की 21 दिवसांत सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला आणि 2010 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, मात्र माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक पडतो, असा त्यांचा हिशेब निघाला. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा अडथळा आलेला त्यांना दिसला नाही. तेव्हा खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी तो भरावा आणि पुढच्या तासाला लागावे.

आता धीराविषयी. धीर हा जन्मजात गुण आहे, तो असतो किंवा नसतो, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांवर एक प्रयोग झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणि चिकटचित्रे आणून देण्याचे कबूल केले. अर्ध्या मुलांना त्याने ती आणून दिली. उरलेल्यांकडे तो रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर प्रत्येक मुलासमोर एक गोड वडी ठेवली आणि सांगितले की ती न खाता थांबलास तर आणखी एक मिळेल. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची निराशा झाली होती, ती तीनच मिनिटे. या दुसऱ्या मुलांना मी उतावीळ म्हणणार नाही. थांबून काही मिळत नाही, हे ती नुकतीच शिकली होती.

तुम्ही दर रात्री स्वतःला पहाटे पाचचा शब्द देता आणि आठवडाभरात तो मोडता. असे तीन वर्षे झाल्यावर तुमच्याच मनाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून आता शब्द लहान द्या, इतका लहान की अंगात कणकण असली तरी पाळता येईल. तुमच्या पूर्व परीक्षेत एका तासात 100 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे 20 प्रश्नांना 12 मिनिटे. घड्याळ लावून रोज 20 प्रश्न सोडवावेत आणि पुढची दहा मिनिटे फक्त चुकलेले प्रश्न पाहावेत. महिनाभर स्वतःला याहून अधिक काहीही कबूल करू नये. जास्त वाचन झाले तर आनंदच आहे, पण ते शब्दात धरू नये.

शिवाय पहाटे पाच ही वेळ तुमच्या घरात टिकणारी नाही. थ्री फेज विजेची पाळी एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री आली की हरभऱ्याला ओलित करायला रात्री जावेच लागते, आणि दोन वाजता शेतातून परतलेल्या माणसाने पाचला उठावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की ‘मी अभ्यास करीन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवलेले काम अधिक वेळा पार पडते. तुम्ही कामाची सांगड घड्याळाऐवजी एखाद्या ठरलेल्या घटनेशी घालावी : दूध काढून झाले की चुलीवर चहा उकळेपर्यंत थांबायचे नाही, वही उघडायची. रात्रपाळी असो वा दिवसपाळी, दूध तर रोज निघतेच.

प्रेरणादायी भाषणे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही, पण तुमच्याकडे त्यांचा क्रम उलटा झाला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावला 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि गाव झाडून निघाल्यावर रात्री कीर्तन करीत. दिवसभर ज्यांनी त्यांच्यासोबत झाडले, त्यांना ते कीर्तन वेगळेच ऐकू येत असणार. हुरूप येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा पहिले पाच प्रश्न सोडवावेत. पुष्कळदा हुरूप सहाव्या प्रश्नाला येतो. भाषण ऐकायचेच असेल तर 20 प्रश्न झाल्यावर ऐकावे.

एक गोष्ट कटू वाटली तरी लिहिते. जागा थोड्या आणि उमेदवार फार, ही वस्तुस्थिती कोणत्याही मनोवृत्तीने बदलत नाही. धीर धरणे म्हणजे तारुण्य मोजदाद न करता ओतत राहणे नव्हे. आणखी किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय करायचे, हे यंदाच वडिलांसोबत बसून ठरवावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. मुदत ठरली की मन रोज तोच वाद घालत नाही.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील गृहिणी, वय 37, आमच्या बचत गटाची सचिव आहे. यंदा 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसणार आहे. रात्री तीनदा वाचलेले सकाळी आठवत नाही आणि गणित तर डोक्यात शिरतच नाही. सासूबाई म्हणतात, ‘आता काय कलेक्टर होतेस?’ मनाची तयारी कशी करू?

उत्तर : ताई, विसरण्याचा वयाशी तुम्हाला वाटतो तितका संबंध नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्येच लिहून ठेवले की पाठ केलेल्यातील बराचसा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो. तेव्हा ते स्वतः पस्तिशीत होते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात तर असे दिसले की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनी जास्त आठवला, पण आठवड्यानंतर ज्यांनी पुस्तक मिटून आठवून पाहिले होते, त्यांच्या लक्षात अधिक राहिला. म्हणून रात्री एकदाच वाचा आणि सकाळी भाकरी थापताना तो धडा मनाशी किंवा मुलीला सांगा. जिथे अडाल तेवढेच दुपारी पुन्हा पाहा. आठवताना अडखळायला होते. स्मरण पक्के होते ते त्या अडखळण्यातच.

गणिताचे मी मान्य करणार नाही. गटाच्या वहीत शेकडा दोन रुपये महिना दराने, मधेच हप्ता भरला तर उरलेल्या रकमेवर, असे व्याज तुम्ही दर महिन्याला काढता. पुस्तकातील सरळव्याज त्याहून सोपे आहे; त्याची भाषा तेवढी अनोळखी आहे. कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ ‘मला जमत नाही’ या वाक्यात ‘अजून’ हा शब्द घालायला सांगतात. या शब्दाने चमत्कार होत नाही. अमेरिकेतील नववीच्या सुमारे 12,000 मुलांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा विचार शिकवल्याने मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि जिथे सोबतची मुलेही कठीण काम अंगावर घेत होती, तिथे अधिक. याचा अर्थ मी असा घेते की तुम्हाला सोबत हवी. गटातील आणखी एखादी दहावी राहिलेली बाई शोधा आणि गटाच्या बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी दोघी बसा. सासूबाईंना उत्तर देऊ नका. गटाचा हिशेब मात्र त्यांच्यासमोर मांडा.

प्रश्न : माझे मोठे भाऊ 46 वर्षांचे आहेत. सोयाबीन हातचे गेल्यापासून दोन महिने ते शेतात जात नाहीत, जेवण तुटले आहे, पहाटे तीनला उठून बसतात. ‘माझे ओझे उतरले की तुम्ही सुटाल’ असे परवा म्हणाले. त्यांना उभारी कशी द्यावी?

उत्तर : भाऊ, या प्रश्नाला वरचे काहीही लागू नाही. झोप, भूक आणि कामाची इच्छा दोन महिने गेलेली असताना ‘मन घट्ट करा’ असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाला चालायला लावणे आहे. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्यांचे परवाचे वाक्य अतिशय गंभीरपणे घ्यावे. त्यांना एकटे ठेवू नये, फवारणीची औषधे आजच घराबाहेर कुलपात हलवावीत, आणि ‘मरणाचे विचार मनात येतात का?’ असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. फोन आधी तुम्ही लावा, सगळे सांगा, मग त्यांच्या हाती द्या. त्यांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे उद्याच न्यावे. ‘तू जा’ असे म्हणून पाठवू नये, तुम्ही सोबत बसावे आणि परतताना पुढच्या तपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यावी.