यूकेत रात्रपाळीची लॉरी चालवायची असेल तर

दादा, वहिनींना लेस्टरला नर्सची नोकरी लागली आहे आणि तुम्ही न्हावा शेव्याला कंटेनर ट्रेलर चालवता. इथं रात्रपाळीची लॉरी मिळेल का, असं विचारलंत. मिळेल. फक्त 'ड्रायव्हरचा व्हिसा देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. या कामावर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळतच नाही. वहिनींचे डिपेंडंट, म्हणजे त्यांच्या व्हिसावर अवलंबून असलेले जोडीदार, म्हणून या, मग हे काम करायला आडकाठी नाही.

आपलं हेवी लायसन इथं चालत नाही. आधी इथलं कारचं पक्कं लायसन, मग मेडिकल, थिअरी, ड्रायव्हर सीपीसी (धंदेवाईक ड्रायव्हरचं पात्रता प्रमाणपत्र) आणि लॉरीची टेस्ट. 2021 पासून थेट आर्टिकची, म्हणजे ट्रेलरची, टेस्ट देता येते. तोवर घर चालेल एवढी सोय हवी.

लेस्टरजवळ लटरवर्थ, डॅव्हेंट्रीला प्रचंड गोदामं आहेत. रात्री एका डेपोतून दुसऱ्यात ट्रेलर पोचवायचा, त्याला ट्रंकिंग म्हणतात. क्लीनर नसतो. भर पावसात टॉर्च घेऊन ट्रेलर जोडणारी पिन लॉक झाली का ते वाकून बघायचं, हलका झटका देऊन खात्री करायची, एअर पाइप जोडायचे, ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यायचे, मागची नंबरप्लेट बदलायची. हे घाईत कधीच करू नका.

तुम्हाला सगळ्यात जपायचंय ते रस्त्यावरच्या कमी उंचीच्या पुलांना. इथं ट्रेलरला उंचीची कायदेशीर मर्यादा नाही, 4.9 मीटरचेही असतात. कामासाठी मोटरवे बहुतेक रात्रीच बंद करतात आणि डायव्हर्जन गावातून जातं. केबिनमध्ये लिहिलेली उंची दर ट्रेलरला बदला, कारचा नॅव्हिगेटर वापरू नका.

टॅको, म्हणजे गाडी चालवण्याच्या वेळा नोंदवणारं यंत्र, सगळं नोंदवतो. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचंच; दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदा 10. वेळ संपली की ड्रायव्हर 'नाही' म्हणतो आणि ऑफिसला ते ऐकावं लागतं. आपल्याकडे जागून गाडी हाकणाऱ्यांना हे मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

पहाटे तीन ते पाच झोप अनावर होते. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं, म्हणून खोलीला जाड काळे पडदे लावा आणि घरी पोचल्यावर फोन बंद करा. वहिनींनाही नाइट ड्यूट्या लागतील. मुलं लहान असतील तर नोकरी घेण्याआधी दोघांचे रोटा, म्हणजे ड्यूटीची वेळापत्रकं, शेजारी ठेवून बघा. दोघांच्या रात्री एकाच दिवशी येत असतील तर शनिवार-रविवारची पाळी मागा, ती बऱ्याच ठिकाणी मिळते.