गाणं कुणाच्या हाती द्यावं?

प्रश्न : शब्द आणि चाल माझीच आहे, घरीच रेकॉर्डिंग केलं आहे. एक म्युझिक लेबल ‘आमच्या यूट्यूब चॅनलवर लावतो’ म्हणतंय. प्रमोशनचे २५ हजार मागितलेत आणि दोन पानी करार पाठवलाय. त्यात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर’ असं आहे. सही करावी का?
– एक वाचक, कराड

उत्तर : या करारावर नको. लेबल स्वतःचे पैसे घालतं म्हणून हक्क मागतं. इथे पैसे तुमचे आणि गाणं त्यांचं! चॅनलवर लावून देणं ही सेवा झाली. तिची फी ठरवा, पण मालकी देऊ नका.

गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात : ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, आणि शब्द-चाल. ‘सर्व हक्क’ म्हटलं की दोन्ही गेलं. मास्टरचा तीन ते पाच वर्षांचा परवाना द्या. शब्द-चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर लेबलला लिहून देताच येत नाही. तो वसूल व्हावा म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा आणि गाण्याची नोंद करा.

गंमत म्हणजे करारात मुदत लिहिलीच नसती, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार ती पाच वर्षं धरली गेली असती, आणि प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. म्हणजे कोरा कागदही याहून बरा. ‘कलम १९(४) लागू नाही’ अशी ओळ शोधा, बहुधा शेवटच्या पानावर असते. एक वर्षात गाणं वापरलं नाही तर हक्क परत येतात, ती सोय या ओळीने जाते. ती ओळ खोडायला लावा.

हिशेबात ‘निव्वळ उत्पन्नाच्या ५० टक्के’ असेल, तर निव्वळ म्हणजे काय ते विचारा. व्हिडिओवर दोन लाख खर्च दाखवले आणि वर्षात दीड लाख आले, तर तुमच्या वाट्याला शून्य. खर्चाला आकड्यात मर्यादा घाला, दर सहा महिन्यांनी लेखी हिशेब मागा.

कंटेंट आयडीचंही विचारा, म्हणजे व्हिडिओतलं गाणं आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा. लेबलने गाणं त्यात टाकलं की तुमच्याच चॅनलवरच्या रिहर्सलच्या व्हिडिओवर क्लेम, म्हणजे लेबलच्या मालकीचा दावा, येतो. तुमचं चॅनल आधीच वगळून घ्या. गाण्यात सगळ्यांना मिळणारा तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, वापरला असेल तर तेही सांगा, नाहीतर तोच लूप वापरणाऱ्या परक्या गाण्यांवर क्लेम जातात आणि वाद तुमच्या नावावर येतो.

लेबलची पारख त्यांच्या जुन्या गाण्यांवरून करा. स्पॉटिफायवर चार-पाच गाण्यांची क्रेडिट्स उघडा. गीतकार-संगीतकाराच्या जागी लेबलचंच नाव दिसलं, तर तिथेच थांबा. मग दोन वर्षांपूर्वीच्या दोन कलाकारांना फोन करा. ‘पैसे मिळाले का’ यापेक्षा ‘हिशेबाचा कागद येतो का’ हे विचारा. गाणं चाललं नसेल तर पैसे नसतील, कागद मात्र यायलाच हवा.

आणि सही होईपर्यंत डब्ल्यूएव्ही, म्हणजे पूर्ण दर्जाची मूळ फाइल, पाठवू नका, ऐकायला एमपी३ पुरते.