कॉर्नफ्लोअर घातलं तरी ग्रेव्ही पातळच!

प्रश्न: ताई, मी सध्या मुलीकडे न्यू जर्सीला आलेय. परवा नातवासाठी व्हेज मंचुरियन केलं. पाकिटावर चक्क कॉर्न फ्लोअर लिहिलंय बघूनच आणलं होतं, तीन चमचे घातलं तरी ग्रेव्ही दाट होईना, वर रंग पिवळट आणि तोंडात कचकच. जावई काही बोलले नाहीत पण खाल्लंही नाही फारसं. पीठ जुनं होतं का?

उत्तर: जुनं नाही हो, पीठच वेगळं! तुम्ही आणलंत ते मक्याचं पीठ, म्हणजे मका बारीक दळलेला. आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ती पांढरीशुभ्र, चिमटीत करकरणारी पावडर म्हणजे मक्यातला नुसता स्टार्च, आणि हे नाव आपण उचललं इंग्रजांकडून. अमेरिकेत तिला कॉर्नस्टार्च म्हणतात, तेच आणा. स्टार्च गरम पाण्यात फुगतो म्हणून रस्सा दाट होतो, अख्ख्या पिठात बाकीचा ऐवजही असतो त्यामुळे ते तेवढं धरत नाही आणि रस्सा गढूळ होतो तो वेगळाच. स्टार्च मात्र गार पाण्यातच कालवा, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या.

अशी फसगत नेहमीची आहे. आपलं ब्रिंजल पोर्तुगीजांकडून आलेलं, इंग्लंडात तेच ऑबर्जिन आणि तुमच्या इथे एगप्लांट, पण वांगं निदान डोळ्यांना दिसतं, पाकिटातली पांढरी पावडर कशी ओळखणार? मैदा हवा असेल तर ऑल पर्पज फ्लोअर बघा, सेल्फ रायझिंग उचललंत तर त्यात बेकिंग पावडर आधीच असते, शंकरपाळ्यांचं काय होईल विचारू नका. खायचा सोडा म्हणजे बेकिंग सोडा, आयसिंग शुगर म्हणजे पावडर्ड शुगर. ऑस्ट्रेलियातली रेसिपी असेल तर आणखी गंमत, त्यांचा टेबलस्पून २० मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५!

ते पिवळं पाकीट टाकू नका पण. थोडं बेसन मिसळून कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी करा, जावई नक्की खातील. आणि दुकानात कोथिंबीर सिलँट्रो म्हणून मागा, कोरिअँडर म्हणालात तर धणे हातात देतील.