चोरीला गेलेली मूर्ती किंवा चित्र ऑनलाइन डेटाबेसमध्ये कसं शोधायचं?

सुरुवात इंटरपोलच्या डेटाबेसपासून करा. त्यात ५० हजारांहून जास्त चोरीच्या कलावस्तू आहेत, आणि आयडी-आर्ट या मोफत ॲपवरून कुणालाही तो पाहता येतो. फोटो टाकला की मिळत्याजुळत्या नोंदी समोर येतात.

नुसत्या नावावर मात्र विसंबू नका. चोरीच्या वस्तूचं नाव वाटेत बदलतं. विक्रीला येईपर्यंत देवीची 'स्त्रीमूर्ती' झालेली असते. तुटलेलं बोट, कानामागची चीर, पाठीवरचा जुना सांधा यांवर लक्ष ठेवा. कारागिरी सारखी असू शकते, पण जखमा त्या एकाच मूर्तीच्या असतात.

नोंद सापडली नाही म्हणजे वस्तू स्वच्छ, असं अजिबात समजू नका. इंटरपोलकडे नोंद मुख्यतः पोलीस यंत्रणेमार्फत जाते. बेकायदा खोदून काढलेल्या वस्तूचा तर आधीचा फोटोच नसतो, मग ती यादीत येणार कुठून? तिथे आयकॉम या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'रेड लिस्ट' बघा. कुठल्या प्रकारच्या वस्तूंना धोका आहे ते कळतं. आर्ट लॉस रजिस्टर हा चोरीच्या कलावस्तूंचा खासगी डेटाबेस मोठा आहे, पण शोधाला पैसे पडतात.

जुळणी झाली तर विक्रेत्याला काही विचारू नका, जाहिरात गायब होईल. पानाचे स्क्रीनशॉट घ्या आणि थेट पोलिसांकडे जा.