बिनधास्त विचारा : प्रेस नोट लिहिता लिहिता सुचायचं बंद झालंय

प्रश्न : दादा, मी मूळची सांगलीची, मास कॉम केलं आणि सिनेमाची आवड म्हणून अंधेरीला एका पीआर एजन्सीत, म्हणजे सिनेमाची प्रसिद्धी करणाऱ्या कंपनीत, लागले, दीड वर्ष झालं. दिवसभर करते काय तर प्रेस नोट, मग त्याच प्रेस नोटची पाच व्हर्जन, मग रिपोर्टर लोकांना फोन, "सर मेल मिळाला का". प्रत्येक सिनेमा हटके, प्रत्येक जोडी फ्रेश. मला खरं तर लिहायचं होतं, आता स्वतःच्या दोन ओळीपण सुचत नाहीत. हे काम क्रिएटिव्ह आहे का खरंच, की मी नुसती दुसऱ्याच्या सिनेमाची पोस्टरं चिकटवणारी? (नाव छापू नका)

उत्तर : अगं, पोस्टर चिकटवणाऱ्याला नावं ठेवू नकोस, आपल्याकडे पोस्टर हीच मोठी कला होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, स्वतः सिनेमे काढायचे आणि पोस्टरंही स्वतः रंगवायचे, 1924 च्या कल्याण खजिनाचं पोस्टर आजही लोक फ्रेम करून लावतात. तू तर सांगलीची, म्हणजे तुमच्या शेजारचेच.

आणि फाळक्यांचं घे. राजा हरिश्चंद्र 1913 चा, हे पाठ असतं सगळ्यांना. पण त्याच्या आधी पैसे उभे करायला त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं शूट करून रोपटं पडद्यावर वाढताना दाखवलं. पैसेवाल्या माणसाला नुसतं तोंडाने सांगून पटणार नाही, डोळ्याने दिसलं पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. आता सांग, हे पीआर की सिनेमा? मला तरी फरक सांगता येत नाही.

सुरतेचा किस्सा तर मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. तिथे म्हणे राजा हरिश्चंद्र चालेना, कारण लोकांना त्याहून कमी पैशात पाच सहा तासांचं नाटक बघायची सवय आणि हा दीड तासात संपणार, म्हणजे पब्लिकच्या हिशोबाने घाट्याचा सौदा. फाळक्यांनी काय जाहिरात केली, तर 57 हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांब, फक्त तीन आण्यात! बघ, यात महान कलाकृती वगैरे काही नाही. समोरचा माणूस तिकीट काढताना मनात कुठला हिशोब करतो ते ओळखलं आणि त्याच हिशोबात उत्तर दिलं.

तुझं सुचणं बंद झालंय त्याचं कारण मला वाटतं तू सिनेमा बघतच नाहीस. म्हणजे ट्रेलर बघतेस, क्लायंटने पाठवलेली पानभर माहिती वाचतेस आणि त्यावरून लिहितेस. त्यातून हटके आणि फ्रेश एवढंच निघणार, दुसरं काय निघेल. सेटवर जा. एजन्सी नाही म्हणाली तर रविवारी स्वतःच्या खर्चाने जा, आणि हिरोकडे नको जाऊस, त्याला दहा जण विचारतच असतात. मेकअप दादा, ड्रेसवाले, स्पॉट बॉय, यांच्यात बस. वाईजवळ एका छोट्या सिनेमाचं शूट होतं तेव्हा मी असाच कपडेपटाच्या ट्रंकांवर बसून चहा पीत होतो, तर तिथल्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या की आजीच्या रोलमधलं ते लुगडं डायरेक्टरच्या खऱ्या आजीचं आहे, पदराला चुलीवर जळाल्याचं भोक आहे आणि ते रफू करायचं नाही अशी ऑर्डर आहे. झालं! मी त्या भोकाचा फोटो काढला आणि खाली चार ओळी लिहिल्या. कौटुंबिक हृदयस्पर्शी कथा म्हणून आधी पाठवलेली नोट कोणी छापली नव्हती, हा फोटो तीन पेपरांनी घेतला. त्या चार ओळी लिहिताना मला जी मजा आली ती नंतर कितीतरी मोठ्या सिनेमांना आली नाही.

उलटं पण सांगतो म्हणजे तुला वाटायला नको की मी लय शहाणा. एक सिनेमा होता, मूळात उदास, बापाच्या आजारपणावरचा, त्यात दोनच विनोदी सीन. निर्माता म्हणाला कॉमेडी विका, मी विकली, "पोट धरून हसाल" असं स्वतःच्या हाताने लिहिलं. शुक्रवारी लोक पोराबाळांना घेऊन आले आणि इंटरव्हलला बाहेर पडून व्हॉट्सॅपवर शिव्या. रविवारपर्यंत शो उतरले. जे प्रेक्षक त्या सिनेमावर जीव टाकणारे होते त्यांना मी सांगितलंच नव्हतं की हा तुमचा सिनेमा आहे. डायरेक्टर अजून नीट बोलत नाही माझ्याशी, आणि बरोबरच आहे त्याचं.

तर नोकरी सोडू नकोस इतक्यात. हटके हा शब्द मात्र आजपासून बंद.

प्रश्न : पेड रिव्ह्यू असतात का? खरं सांगा.

उत्तर : असतात. पैसे घेऊन चार स्टार देणारे यूट्यूबवर आहेत, रीलवाले तर रेट कार्डच पाठवतात. फायदा फार तर शनिवार सकाळपर्यंत, त्यानंतर बघून आलेली काकू जे सांगेल तेच चालतं. 2023 ला बाईपण भारी देवाला बायका ग्रुपने नटून थटून जात होत्या, पोस्टरसमोर फोटो काढून बहिणींना पाठवत होत्या, ते कुठल्या रेट कार्डात बसतं सांगा.

प्रश्न : नमस्कार सर, नाशिकचा आहे, मित्रांनी मिळून 22 मिनिटांची शॉर्ट फिल्म केलीये. सगळे पैसे शूटिंगमध्ये संपले, पीआरला शून्य. काय करू?

उत्तर : मित्रा, शून्य बजेटची सवय मराठीला जुनी आहे. श्वासला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2004 मध्ये भारताकडून ऑस्करला पाठवला, तरी अमेरिकेत प्रचार करायला पैसे नव्हते, लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. आणि गंमत म्हणजे ती वर्गणी हीच सिनेमाची सगळ्यात मोठी प्रसिद्धी ठरली असं माझं मत, ज्याने पन्नास रुपये दिले त्याला तो सिनेमा आपल्या घरचा वाटायला लागला.

तू आधी फेस्टिवलांच्या तारखा बघ, शॉर्ट फिल्म आणि डॉक्युमेंटरीसाठी मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आहे, तो दर दोन वर्षांनी होतो, म्हणजे चुकला की बसलास थांबत. तिथे निवड झाली तर बातमी आपोआप होते. यूट्यूबवर घाईने टाकू नकोस, काही फेस्टिवल ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, नियम वाचून मग ठरव. आणि पहिला शो नाशिकमध्येच कर, कॉलेजचा हॉल मिळतो, लोकल पेपरच्या पुरवणीवाल्यांना स्वतः जाऊन भेट. मेलवर विश्वास ठेवू नकोस.

फोटो आहेत ना चांगले? सीनचे वेगळे आणि शूटिंग चालू असतानाचे वेगळे. नसतील तर त्याच कपड्यात त्याच जागी परत जाऊन काढा, व्हिडिओतून काढलेला स्क्रीनशॉट पेपरात चिखलासारखा दिसतो. आणि फाइलचं नाव आयएमजी 4032 असं ठेवून पाठवू नकोस, फिल्मचं नाव टाक आणि सोबत डावीकडून उजवीकडे कोण कोण आहे ते मराठीत लिही, कारण रात्री दहाला पान लावणाऱ्या माणसाला तुमच्यातला हिरो कोण ते माहिती नसतं आणि तो फोन करून विचारणार पण नाही, सरळ दुसऱ्याचा फोटो लावेल.