कॅमारोच्या डीझेड इंजिनासाठी घरावर कर्ज काढावं का?

मिशिगनमध्ये नोव्हायला राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : वय ४७, नवरा-बायको दोघंही नोकरीत, मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. ४२,००० डॉलरला १९६९ ची शेव्हरोले कॅमारो झेड/२८ घेतली. बॉडीवरच्या कारखान्याच्या पट्टीवर एक्स३३ (झेड/२८ चा संकेत), नॉरवूडचा कारखाना, मार्चचा दुसरा आठवडा. गिअरबॉक्स मूळचा आहे, इंजिन मात्र नंतर कुणीतरी बसवलेलं ३५० घन इंचाचं. आता ३०२ घन इंचाचं डीझेड इंजिन (१९६९ च्या झेड/२८ मध्ये मूळचं तेच असायचं, ‘डीझेड’ हा त्यावरचा शिक्का) आणि बाकीचे भागही गाडीच्या तारखेशी जुळणारे शोधून गाडी पूर्ववत करायची आहे. खर्चाचा अंदाज ८०,००० डॉलर. ‘पैसा हेलॉकमधून (घराच्या तारणावरच्या कर्जातून) काढू की ४०१-केवर (नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यावर) कर्ज घेऊ? किंमत वाढणारच, तेव्हा ही गुंतवणूकच झाली ना?’

नमस्कार. ही गुंतवणूक नाही, हौस आहे. हौस जरूर करा, पण तिच्यापायी घर किंवा निवृत्तीची पुंजी तारण ठेवू नका.

आधी बाजार पैसे कशाचे देतो ते बघू. कारखान्यातून गाडीबरोबरच बाहेर पडलेल्या इंजिनावर ‘१९एन’ आणि पुढे चासी क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे ठोकलेले असतात. तुमच्या गिअरबॉक्सवर ते आहेत, म्हणून तो काहीही झालं तरी विकू नका. इंजिन गेलं ते गेलं. तुम्ही आणाल त्या डीझेडवर दुसऱ्याच गाडीचा क्रमांक असेल आणि गिऱ्हाइकाचा जाणकार दोन मिनिटांत तो वाचेल. ३५० पेक्षा ते नक्कीच बरं, पण मूळ इंजिनाच्या गाडीचा भाव त्याने येत नाही. या ८०,००० पैकी निम्मे विक्रीत परत आले तरी चांगलं झालं, असं धरून चला. (त्या दुसऱ्या गाडीचा मालक कुठेतरी हेच इंजिन शोधत असू शकतो. पुढे विकायची वेळ आली तर सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक तोच.)

क्रमांक घासून नवा ठोकून देणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ब्लॉकच्या (इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या) पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या सिलिंडर हेडसमोर जो सपाट पॅड असतो, त्यावर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा असतात. त्या पुसल्या गेल्या की लबाडी उघडी पडते आणि पुढे फसवणुकीचा दावा तुमच्यावर येतो. इथेच एक प्रामाणिक चूकही महागात पडते : इंजिन बांधताना मशीन शॉपने ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग रंधला, तर पॅडवरचे खरे आकडेसुद्धा त्यात साफ होतात. ‘पॅडला हात लावायचा नाही’ हे वर्क ऑर्डरवर लिहून घ्या.

तारखांचं गणित असं : आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. तुमची गाडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, पॅसेंजरकडे ‘बी १८ ९’ दिसलं तर तो १८ फेब्रुवारीचा. पॅडवर ‘व्ही ०२२५ डीझेड’ म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात २५ फेब्रुवारीला जुळलेला. हा जोडा तुमच्या गाडीला शोभेल. एप्रिलमध्ये ओतलेला ब्लॉक कितीही सुंदर असला तरी चालणार नाही. काही महिने आधीचा बहुधा खपतो. होली ४०५३ कार्ब्युरेटरवर लिस्ट क्रमांकाखाली (म्हणजे या ४०५३ खाली) तारखेचे तीन आकडे असतात. ९१४ म्हणजे १९६९, जानेवारी, चौथा आठवडा.

सापळा कास्टिंग क्रमांकात, म्हणजे ब्लॉकवर ओतूनच आलेल्या क्रमांकात आहे. ३९७००१० हा ब्लॉक १९६९ च्या डीझेडमध्ये होता, पण तोच क्रमांक सत्तरच्या दशकात साध्या ३५० वरही येत राहिला. वर्षाचा आकडा एकच असल्याने ‘९’ म्हणजे १९६९ की १९७९ हे नुसत्या तारखेवरून कळत नाही. कास्टिंग, तारीख आणि पॅडवरचा शिक्का या तिन्हींचे स्पष्ट फोटो हातात आल्याशिवाय इसारही देऊ नका.

आता तुमचा अंदाज. बॉडी आणि रंगाला तुम्ही ३५,००० धरलेत. तासाला ९५ डॉलर दर असेल तर हे साधारण ३६८ तास झाले. पत्रा गंजलेला निघाला तर एवढे तास प्रायमरपर्यंतच संपतात. या गाड्या समोरच्या काचेखालच्या जाळीच्या आत, मागच्या काचेच्या खाचेत, डिकीच्या तळाशी आणि मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला कुजतात. कधीकाळी व्हिनाइलचं छप्पर असेल तर मागची खाच हमखास. म्हणून पहिलं बिल फक्त रंग उतरवून पत्रा तपासण्याचं असू द्या. ते हाती येईपर्यंत इंजिनाचा सौदा करू नका. बहुतेकांचा क्रम उलटा असतो : आधी दुर्मिळ भाग घेतात, मग बॉडीला पैसे उरत नाहीत आणि अर्धवट उघडलेली गाडी घेतल्या किमतीलाही जात नाही.

कर्जाचं थोडक्यात. हेलॉक ८ टक्क्यांनी मिळालं तरी ८०,००० वर वर्षाला ६,४०० डॉलर नुसतं व्याज, तेही सहसा बदलत्या दराने. पैसा घरासाठी वापरलेला नसल्याने करात त्याची वजावट नाही. ४०१-केवर व्हेस्टेड (पूर्णपणे तुमच्या हक्काच्या झालेल्या) रकमेच्या निम्मे किंवा ५०,००० डॉलर, यातलं जे कमी तेवढंच साधारणपणे मिळतं. म्हणजे तुमची गरज त्यातूनही भागत नाही. नोकरी सुटली तर उरलेली रक्कम त्या वर्षीच्या कर विवरणाच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती काढलेली रक्कम समजून आयकर आणि तुमच्या वयात वर १० टक्के दंड. वाहनउद्योगातली नोकरी असेल तर ही जोखीम कागदावरची समजू नका.

माझा सल्ला : कंपनीचा पूर्ण मॅच (तुमच्या ४०१-के भरण्यावर कंपनी घालते ती रक्कम) मिळेल एवढा भरणा, सहा महिन्यांचा घरखर्च आणि मुलीच्या पहिल्या वर्षाची फी बाजूला पडल्यावर जे उरेल ते गाडीच्या वेगळ्या खात्यात टाका. महिन्याला १,५०० जमले तर ८०,००० ला साडेचार वर्षं लागतील. लागू देत. ३५० चालू आहे ना? मग ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या फेरीला न्या की गाडी! खात्यात पाच-सहा हजार नेहमी मोकळे ठेवा, कारण कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर असे भाग ऑक्टोबरच्या सुमारास पेनसिल्व्हेनियात हर्शीच्या किंवा कार्लाइलच्या जुन्या भागांच्या बाजारात अचानक समोर येतात आणि तिथे रोखीलाच मान असतो. डीझेड शेवटी. साडेचार वर्षांत हौस फिटली, तर ते घेतलं नाही याचं वाईट वाटणार नाही.

प्रत्येक बिल जपा. नफ्यात विकलीत तर हा खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो. संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत जातो. तोटा झाला तर खासगी वापराच्या गाडीचा तोटा वजा करता येत नाही.

विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा (आधी ठरलेली पूर्ण रक्कम मिळते तो) घ्या, ‘स्टेटेड व्हॅल्यू’चा (तुम्ही सांगितलेल्या रकमेपेक्षा कमीही मिळू शकते तो) नको, आणि प्रत्येक टप्प्यानंतर रक्कम वाढवून घ्या. गॅरेजमध्ये वेगळे ठेवलेले सुटे भाग त्याच पॉलिसीत येतात का आणि किती रकमेपर्यंत, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.