खगोल शंका-समाधान: आकाशगंगेवर धडकणारा मेघ

प्रश्न : स्मिथ मेघ नावाचा वायूचा ढग आपल्या आकाशगंगेवर आदळणार आहे, असे वाचले. दुसरीकडे तो आपल्यापासून दूर जातो आहे, असेही वाचले. खरे काय मानायचे? (धरमपेठ)

उत्तर : दोन्ही खरे आहे. मेघ आदळणार आहे तो आकाशगंगेच्या तबकडीवर, म्हणजे तारे आणि वायू यांच्या चपट्या चकतीवर, आपल्यावर नव्हे. तो आपल्यापासून सुमारे 40,000 प्रकाशवर्षे दूर आणि तबकडीच्या खाली आठ-दहा हजार प्रकाशवर्षांवर आहे. तबकडीकडे तो सेकंदाला सुमारे 73 किलोमीटर वेगाने सरकतो. मात्र आपल्या दृष्टिरेषेत मोजले, तर सेकंदाला सुमारे 100 किलोमीटरने दूर जाताना दिसतो.

मग हा 73 चा आकडा आला कुठून? रेडिओ दुर्बिणीला वेगाचा फक्त दृष्टिरेषेतला भाग कळतो, आडवा भाग कळत नाही. पण हा मेघ आकाशात जवळजवळ 15 अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या सुमारे तीसपट लांब पसरला आहे. त्यामुळे त्याच्या डोक्याकडे आणि शेपटीकडे बघताना आपल्या नजरेचा कोन बदलतो, आणि तोच एक वेग दोन टोकांना थोडा वेगळा मोजला जातो. या फरकातून वेगाची खरी दिशा काढता येते. खगोलशास्त्रज्ञ फेलिक्स लॉकमन यांच्या गटाने 2008 मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या 100 मीटर रेडिओ दुर्बिणीने हेच केले. मेघाचा शोध त्याआधीचा, 1963 चा. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात शिकणाऱ्या गेल स्मिथ यांनी तो लावला.

प्रश्न : धडक कधी? पृथ्वीला धोका आहे का? (महाल)

उत्तर : सुमारे तीन कोटी वर्षांनी. धोका नाही. मेघात सूर्याच्या दहा लाख पटींहून जास्त वस्तुमानाचा हायड्रोजन आहे खरा, पण तो हजारो प्रकाशवर्षांत इतका विरळ पसरला आहे, की एका घनसेंटिमीटरला जेमतेम एखादा अणू येतो. धडकेच्या जागी तबकडीतला वायू दाबला जाईल आणि तिथे नवे तारे जन्मतील.

प्रश्न : हा मेघ बाहेरून आला की आपल्याच दीर्घिकेतला? (सीताबर्डी)

उत्तर : याचा निकाल गंधकाने बऱ्याच अंशी लावला. गंधक ताऱ्यांच्या पोटात तयार होते. बाहेरच्या अस्पर्श वायूत ते नगण्य असायला हवे. मेघाच्या मागे असलेल्या तीन दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचा अतिनील प्रकाश मेघातून गाळून येतो, तो हबल दुर्बिणीने तपासला. 2016 मध्ये जाहीर झालेल्या या कामात गंधकाचे प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या साधारण निम्मे निघाले. मूलद्रव्यांतून गंधकच निवडले, कारण ते धुळीच्या कणांना फारसे चिकटत नाही आणि मोजणीतून निसटत नाही. म्हणजे मेघ बहुधा आकाशगंगेच्याच कडेच्या भागातून सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी उडाला आणि आता परत येतो आहे. या प्रवासात तो विखुरला कसा नाही, याबद्दल कृष्णद्रव्य (न दिसणारे, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य) आणि चुंबकीय क्षेत्र असे दोन्ही विचार मांडले गेले आहेत.

प्रश्न : नागपुरातून हा मेघ दिसेल का? गच्चीवरून रेडिओने तरी पकडता येईल का? (हिंगणा मार्ग)

उत्तर : डोळ्यांना दिसणार नाही, 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ ठरलेल्या पेंचच्या अंधारातूनही नाही. जागा मात्र सहज सापडते. श्रवणाच्या ठळक ताऱ्यापासून सरळ दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या एका मुठीएवढे अंतर मोजा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंधार पडता पडता ही जागा नागपूरहून दक्षिण क्षितिजाच्या वर सुमारे 68 अंशांवर असते.

रेडिओने प्रयत्न जरूर करा, पण पत्र्याच्या लहान हॉर्नवर, म्हणजे कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनावर, वेळ घालवू नका. त्याचा झोत, म्हणजे एका वेळी त्याला दिसणारा आकाशाचा भाग, 15-20 अंशांचा असतो, आणि त्यात आकाशगंगेचा पट्टाच मेघाला गिळतो. केबलवाल्याची जुनी दहा फुटी जाळीची डिश मिळवा. मेघातला हायड्रोजन ज्या 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ लहरी सोडतो, तिला या डिशचा झोत सुमारे 5 अंश पडतो. फीडसाठी, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लहरी पकडणाऱ्या भागासाठी, 16 सेंमी व्यासाचा, किमान 25 सेंमी लांबीचा, एका बाजूने बंद डबा घ्या. आतली तांब्याची काडी सुमारे 5 सेंमी लांब ठेवा आणि बंद तळापासून 8.3 सेंमीवर बसवा. डबा 15 सेंमी व्यासाचा निघाला तर हेच अंतर 9.3 सेंमी होते, म्हणून भोक पाडण्याआधी व्यास मोजा.

1420 मेगाहर्ट्झचा फिल्टर असलेला एलएनए (कमी गोंगाटात क्षीण संकेत मोठा करणारा वर्धक) थेट डब्याला जोडा. त्याच्या आधी केबलमध्ये 1 डीबी (डेसिबल) संकेत जरी गेला, तरी सुमारे 75 केल्विनचा गोंगाट वाढतो (रेडिओ खगोलशास्त्रात संकेत आणि गोंगाट तापमानाच्या एककात मोजतात), आणि मेघाचा संकेत मोजक्या केल्विनचा. फिल्टर नसेल तर शेजारचा मोबाइल टॉवर एलएनएला दाबून टाकतो. गच्चीवरचे एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर बंद करा. उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर एलएनए संकेत किती पट मोठा करतो ते प्रमाण बदलत राहते, तेव्हा ऑक्टोबरच बरा.

हायड्रोजनची रेषा, म्हणजे आलेखात त्याच्या संकेताचा उंचवटा, 1420.406 मेगाहर्ट्झवर असते. मेघ दूर जात असल्याने त्याची सुमारे 1419.93 वर येते. एसडीआरच्या (संगणकाला जोडायच्या रेडिओ ग्राहकाच्या) आलेखात मधोमध एक खोटे टोक दिसते, ते या दोन्हींपासून लांब राहावे म्हणून मध्य 1419.6 वर ठेवा. पृथ्वीच्या परिभ्रमणाने रेषा 140 किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकते, ती दुरुस्ती तारखेनुसार करावीच लागते.

डिश दक्षिणेला 68 अंशांवर पक्की बांधा आणि आकाश पुढून सरकू द्या. मेघ मध्यान्हवृत्तावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर, येण्याच्या दीड-दोन तास आधी नोंद सुरू करा. ऑक्टोबरमध्ये म्हणजे सूर्य मावळण्याआधीच, पण रेडिओला उजेडाची अडचण नाही. मेघाच्या सुमारे तासभर आधी आकाशगंगेचा पट्टा झोतातून जातो आणि दणदणीत रेषा देतो. तीच उमटली नाही तर दोष जोडणीत आहे, मेघ शोधत बसू नका. पट्ट्यातला वायूही या बाजूला सेकंदाला 100 किलोमीटरच्या आसपास वेग दाखवतो, त्यामुळे नुसत्या वेगावरून मेघ सापडला असे म्हणता येणार नाही. पट्ट्याची रेषा ओसरल्यावर तासाभराने 1419.93 पाशी पुन्हा छोटा उंचवटा आला, वीस-तीस मिनिटे टिकला, आणि दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी तोच परत आला, तर तो मेघ.